निजलेबुवांची उंची

जमीन झिजते, डोंगर झिजतात, चपलांचे तळ झिजतात. वाढतात ती फक्त मुलं आणि नखं, असं मी वर्गात जन्मभर सांगत आलो. त्यामुळे आमच्या कॉलनीतली टेकडी वाढली आहे असं सरकारी दुर्बिणीतून निघालं, तेव्हा पहिला धक्का मलाच बसला. दुसराही मलाच बसला. कारण ती माझ्यामुळे वाढली होती.

टेकडी म्हणजे काही डोंगर नव्हे. भलीमोठी परात पालथी घालावी तसा मातीचा एक गोल उंचवटा. त्याच्याभोवती गोल रस्ता, रस्त्याभोवती आमची घरं, आणि पायथ्याशी एक पाटी : ‘प्राचीन दफनस्थळ. संरक्षित. वर चढू नये.’ माणसाला अक्षर ठाऊक नव्हतं, लोखंड ठाऊक नव्हतं, तेव्हा कुणीतरी आपल्या माणसाला इथं पुरलं आणि वर माती रचली. कुणाला, ते कुणालाच माहीत नाही. पुढं शहर आजूबाजूचं सगळं खात खात आलं आणि हा एक घास ताटात राहून गेला. आतल्या माणसाला कॉलनीतली मुलं निजलेबुवा म्हणतात. पाणी, पार्किंग, वरच्या मजल्यावरची आदळआपट, यांपैकी कशाबद्दलही कधीच तक्रार न केलेला आमच्यातला हा एकमेव रहिवासी.

मुलं या निजलेबुवांवरून घसरत. पाटीवर ‘चढू नये’ असं होतं, ‘घसरू नये’ असं नव्हतं. आणि पाटी नीट वाचायला त्यांना मीच शिकवलेलं असल्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. घसरायच्या आधी चढावं लागतं, हा मुद्दा मी एकदा मांडून पाहिला.

“आजोबा, आम्ही चढत नाही,” आमची नात म्हणाली. “आम्ही वर असतोच.”

या नातीला सगळे खारूताई म्हणतात. ती जमिनीवर क्वचितच सापडते.

घसरायला पोरांना काहीही चाले. जुन्या गाडीतलं रबरी पायपुसणं, फुटक्या सुटकेसचं झाकण, रंगाच्या बादलीचं झाकण. या सगळ्यांना त्यांच्यात ‘घसरपाट्या’ म्हणत आणि त्यांची अदलाबदल मोठ्या माणसांच्या घरांच्या व्यवहारापेक्षा जास्त काळजीपूर्वक होई. पण त्या घसरण्यानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक लांबच लांब खोबण पडली होती, गवत गेलं होतं, आणि दर खेपेला थोडी माती रस्त्यावर येत होती. आणखी दोन-तीन सुट्ट्या गेल्या असत्या, तर पोरं घसरत घसरत थेट निजलेबुवांच्या उशाशी पोचली असती. मला रात्री झोप लागेना. बुवांना लागत होती, हाच काय तो फरक.

रागावणं हा माझा मार्ग नाही. मी मुलांना अंगणात बसवलं आणि ही टेकडी कशी झाली असेल ते सांगितलं. गाडी नव्हती, फावडं नव्हतं. कुणी टोपलीतून, कुणी ओंजळीतून, जो तो आपापल्या दारातली माती घेऊन आला असेल. म्हातारे आले असतील, तुमच्याएवढी पोरं आली असतील. मेलेल्या माणसाजवळ त्याच्या आवडीच्या वस्तू ठेवल्या असतील, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला झाकलं असेल. मुलं अगदी गप्प झाली. मुलं गप्प झाली की शिक्षकाला नशा चढते. त्या नशेत मी म्हणालो, “आपणही तसंच करू या. जेवढी माती आपण घसरून खाली आणली, तेवढी परत वर नेऊ या.”

रीतसर परवानगी घ्यायला मी पुरातत्त्व कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, “माती काढायचीय की घालायचीय?”

“घालायचीय.”

“मग अर्ज नाही.”

“म्हणजे परवानगी नाही?”

“परवानगी नाही असं मी कुठं म्हणालो? अर्ज नाही म्हणालो. काढायचा आहे. घालायचा नाही.”

“का बरं?”

“आजवर कुणी मागितला नाही.”

शिक्षकाला एक खोड असते. समोरचा उत्तर देईना, की तो स्वतःच उत्तर सांगून मोकळा होतो. ज्याला अर्ज नाही त्याला परवानगी लागत नाही, असं उत्तर मी स्वतःला दिलं, पूर्ण गुणही दिले आणि घरी आलो.

सुट्टीच्या दिवशी मुलं आपापल्या घरच्या कुंड्यांतली माती घेऊन आली. वाटीत, डब्यात, बुटात. मी ‘सुरू करा’ म्हणणार, तोच खारूताईनं हात वर केला.

“आजोबा, आता परत घसरायचं नाही ना?”

“नाही.”

“मग घसरपाट्यांना इथंच पुरायचं.”

“अगं, तो कचरा आहे.”

“तुम्हीच म्हणालात, आवडीच्या वस्तू बरोबर ठेवायच्या असतात.”

बाकीची पोरं माझ्याकडे अशी बघत होती, की मी नाही म्हणालो असतो तर मातीचे बूट घेऊन तशीच परत गेली असती. मी म्हणालो, ठेवा. मुलांनी त्या खोबणीत माथ्यापासून पायथ्यापर्यंत घसरपाट्या ओळीनं मांडल्या. सगळ्यांत वर एक लांबरुंद फ्लेक्सचं कापड पालथं अंथरलं, कडांना खडे ठेवले. मी त्या वेळी दोन धाकट्यांची नाकं पुसत होतो, त्यामुळे बारकाईनं पाहिलं नाही. मग ओंजळी रित्या झाल्या. एक धाकटा रडला. त्याचंही नाक मी पुसलं.

गोष्ट इथं संपली असती तर ती मी एखाद्या बालसभेत सांगितली असती.

नव्या मातीवर गवत यायला पाणी हवं म्हणून मुलांनी पाइप लावला, आणि पोरांच्या हातात पाइप गेला की काय होतं हे जगजाहीर आहे. निम्मी माती वाहत जाऊन कॉलनीच्या चेअरमनच्या गाडीखाली बसली. म्हणून आणखी माती आणली. मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाले, खत घाला. एक म्हणाल्या, वाळू घाला. एकानं सिमेंटचा हात फिरवून एकदाचं मिटवून टाका असं सुचवलं. समोरच्या घरातल्या दंतवैद्यानं त्या सुमारास न्हाणीघर फोडायला घेतलं होतं. राडारोडा कुठं टाकू, असं गवंड्यानं विचारलं, आणि हा गृहस्थ दाढी करता करता म्हणाला, “गुरुजी टेकडीवर भर घालतायत ना? तिकडंच टाक.” सकाळी पाहतो तो टेकडीच्या खांद्यावर निळ्या फरशांचे तुकडे, आणि त्यांच्यावर रस्त्याकडे तोंड करून एक कमोड विराजमान.

“भर म्हणजे भर,” दंतवैद्य म्हणाला. “दातात सिमेंट भरतो, तेव्हा ते दाताचं असतं का?”

एकानं पाहिलं म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्यानं पाहिलं म्हणून तिसऱ्यानं, अशी कॉलनीतली जास्तीची माती टेकडीवर येऊ लागली. लोक तिला ‘गुरुजींची टेकडी’ म्हणायला लागले. आधी मी थोडा सुखावलो, हे लपवत नाही.

घरात मात्र त्या दिवसांत माझ्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं. त्याचा टेकडीशी काही संबंध नव्हता, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. हिची मोठी पितळी परात हरवली होती. ती हिला तिच्या आईनं दिलेली. त्याच आठवड्यात माझी बहीण चार दिवस राहून गेली होती. पाहुणी गेली आणि परात गेली, या दोन गोष्टी हिनं शेजारी शेजारी मांडल्या. काही बोलली नाही, नुसत्या मांडल्या. मी “माझी बहीण असं करणार नाही” म्हणालो, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात प्रत्येक वाक्य ‘परात असती तर’ असं सुरू होऊ लागलं.

अशात मोजणीबाई आल्या.

दरवर्षी पुरातत्त्व कचेरीतून या बाई येतात. तिपाईवर दुर्बीण उभारतात, माथ्यावर रंगीत पट्ट्यांची लांब काठी कुणाला तरी धरायला लावतात, उंची लिहून घेतात आणि जातात. हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. मग कमोडकडे पाहिलं.

“वाढलीय,” त्या म्हणाल्या.

“काय?” चेअरमननी विचारलं.

“उंची. इतक्या वर्षांत झिजलेल्या पाहिल्या, फोडलेल्या पाहिल्या. वाढलेली पहिलीच. कुणी घातली माती?”

अख्खी कॉलनी आभाळाकडे बघू लागली. चेअरमन म्हणाले, “नैसर्गिक वाढ असेल.” मी बोलण्यासाठी शब्द जुळवत होतो, शपथेवर सांगतो, जुळवतच होतो. तेवढ्यात गर्दीतून एक हात वर झाला. उत्तर येत असेल तर हात वर करायचा, हेही मीच शिकवलेलं.

“आम्ही घातली,” खारूताई म्हणाली. “निजलेबुवांना खरचटलं होतं म्हणून. आजोबांनी शिकवलं.”

सगळी कॉलनी आभाळातून खाली उतरली आणि माझ्याकडे बघू लागली.

“हो,” मी म्हणालो. “अर्ज नव्हता.”

“बुवा कशावरून?” मोजणीबाईंनी लिहिता लिहिता विचारलं. “बाईही असेल आत.” आणि ‘नोंदीशी जुळत नाही’ असा शेरा मारून त्या गेल्या.

सरकार हळू चालतं असं म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग नीट ऐकावा. टेकडी नोंदीशी जुळत नाही, म्हणजे नोंदीतली टेकडी ही नव्हे. ही नव्हे, म्हणजे हिला संरक्षण नाही. संरक्षण नाही आणि वर कमोड आहे, म्हणजे हा राडारोड्याचा ढीग. आणि ढीग उचलण्याचं काम नगरपालिकेचं. आमच्या गल्लीतला खड्डा ज्या नगरपालिकेला वर्षानुवर्षं दिसला नव्हता, तिनं एका दुपारी पाटीवर नोटीस डकवली : उद्या सकाळी जेसीबी येणार.

चेअरमन ती वाचून म्हणाले, “गुरुजी, वाईट वाटून घेऊ नका. जागा मोकळी होईल. गाड्या किती झाल्यात बघताय ना.”

मी तसाच चालत कचेरी गाठली. मोजणीबाई दुर्बिणीच्या काचा पुसत होत्या.

“मी मोजते,” त्या म्हणाल्या. “ठरवणारे वर बसतात. पण एक करता येईल. यंत्र चालायच्या आधी टेकडी नोंदीएवढी झाली, तर मी तसं लिहीन, आणि मग तिला कुणाचा बाप हात लावू शकत नाही. सकाळी मी येते.”

“म्हणजे घातलेली माती काढायची. एवढंच ना?”

“एवढंच. पण गुरुजी, वरची नवी माती काढलीत तर ती सफाई. खालची जुनी एक ओंजळ जरी हलली, तर तो गुन्हा. तुमच्यावर केस होईल ते वेगळं; पण जे हजारो वर्षं टिकलं ते तुमच्या हातून जाईल. नवी कुठं संपते आणि जुनी कुठं सुरू होते, ते ओळखाल कसे? माती ती माती.”

त्यांनी पुसलेली काच उजेडाकडे धरली.

“आम्ही खड्डा बुजवतो ना, तेव्हा आधी तळाला कापड अंथरतो. पुढं येणाऱ्याला कळावं, की आपली माती इथवरच. तुम्ही काही अंथरलं होतंत?”

“नाही,” मी ठामपणे म्हणालो.

ठामपणा ही फार वाईट सवय आहे. मुलांचा हट्ट पुरवणं आणि काम करणं, हे माझ्या डोक्यातले दोन वेगळे कप्पे. एकाचं झाकण उघडं असलं की दुसऱ्याचं बंद.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळी मुलं आली. फावडी मी नको म्हणालो होतो. चमचे, सुपल्या, वाट्या. दंतवैद्यानं शरमून आपला कमोड स्वतः उचलून नेला. फरशा निघाल्या, वाळू निघाली, खताचा थर निघाला. ऊन वर येईतो आम्ही साध्या मातीवर आलो, आणि तिथं माझे हात थांबले. काळी माती. तिच्याखाली काळीच. ही कुंडीतली की त्या काळातली? मी चिमटीत घेऊन वास घेतला. मुलं आशेनं बघत होती. मला काहीही कळलं नाही, पण मी मान हलवली. वर्गात अशा वेळी घंटा व्हायची.

इथं घंटा झाली नाही. कोपऱ्यावरून जेसीबी वळला.

चालकानं यंत्र टेकडीसमोर आणून उभं केलं, लोखंडी जबडा वर उचलला आणि इंजिन बंद करून बसला. “साहेबांचा फोन आला की सुरू करायचंय,” तो म्हणाला. “आजोबा, पोरांना उठवा.” चेअरमन तिथंच फोन कानाला लावून फेऱ्या मारत होते. “हो साहेब, यंत्र आलंय. तुम्ही फक्त सांगा.”

मी मुलांना उठवायला तोंड उघडलं, एवढ्यात आमचं फाटक वाजलं. ही बाहेर आली. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात मटारची पिशवी. रस्ता ओलांडून तिनं जेसीबीच्या बरोबर समोर खुर्ची मांडली, मांडीवर एक पातेलं घेतलं आणि मटार सोलायला बसली.

“काकू, खुर्ची उचला,” चालक म्हणाला.

“उचलते हं. एवढे सोलून होऊ देत.”

“किती आहेत?”

“तुम्ही हात लावलात तर लवकर होतील.”

मी कृतज्ञतेनं जवळ गेलो. “तुमच्यासाठी नाही आले,” ती मान वर न करता म्हणाली. “पोरं मातीत बसलीत म्हणून आले. परात असती तर एव्हाना सोलून झाले असते.”

चालकानं एकदा आपल्या फोनकडे पाहिलं. मग खाली उतरला, उकिडवा बसला आणि शेंगा फोडू लागला. पण पिशवी काही तळ नसलेली नव्हती. ती रिकामी होत होती, हे मला टेकडीवरून दिसत होतं. आणि चेअरमनचा आवाज वाढत होता, तेही ऐकू येत होतं.

“आजोबा, पुढं काय?” एकानं विचारलं.

“बाळांनो, थांबा. आता कुठं थांबायचं ते मला...” ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मी मुलांसमोर फारसे उच्चारलेले नाहीत. ते बाहेर यायला वेळ लागत होता.

“घसरपाट्या लागल्या की थांबायचं,” खारूताई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. दोन्ही कप्प्यांची झाकणं एकदम उघडली.

“अगं खारे!” मी ओरडलो. “कापड! आपण अंथरलं होतं! आपण अंथरलं होतं!” मी नाचलो, असं दंतवैद्य नंतर सांगत होता. मी नाचलो नाही. पाय घसरला.

आता हात भराभर चालले. सर्वांत आधी पायथ्याशी रबरी पायपुसणं लागलं. त्याच्या मालकानं त्याला मिठीच मारली. मग बादलीचं झाकण. मग सुटकेसचं. प्रत्येक घसरपाटी लागली की तिच्या पातळीपाशी थांबायचं, बाजूची माती हातानं तेवढीच सोडवायची आणि वर सरकायचं. शेंगा फुटल्याचा आवाज येत होता, तो थांबला. पिशवी संपली. आणि चालकाचा फोन वाजला.

“हो साहेब,” तो म्हणाला. हिच्याकडे बघून त्यानं हात जोडले, वर चढला आणि इंजिन सुरू केलं. जमीन थरथरली. माथ्यावरची माती आपोआप खाली येऊ लागली. ही खुर्चीतून उठली नाही. मुलं उठली नाहीत. मी उठायचं ठरवलं होतं, पण गुडघा उठला नाही.

त्याच वेळी माथ्याजवळचं फ्लेक्स मोकळं झालं, कडेचे खडे यंत्राच्या थरथरीनं घरंगळले, वाऱ्यानं खालची निम्मी बाजू उलटून वर आली, आणि कॉलनीसमोर चेअरमनचं हसतं तोंड अवतरलं. निवडणुकीत लावलेलं, दोन हात जोडलेलं, खाली मोठ्या अक्षरांत ‘आपल्या शेजारचा माणूस’. नाकावरचा रंग पोरांच्या घसरण्यानं गेला होता, पण हसू शाबूत होतं. जेसीबीचा जबडा बरोबर त्या हसण्यासमोर तरंगत होता.

चेअरमन फोनवर “चालू करा” म्हणत होते. ते ‘चा’पाशीच थांबले.

“हे... हे वाऱ्यानं उडून गेलं होतं ना?”

“आमच्याकडे उडून आलं,” एक पोरगं म्हणालं. “सगळ्यात चांगलं घसरायचं हे.”

“माझ्या तोंडावर घसरत होता?”

“बसून,” पोरगं म्हणालं. अचूकपणाचा आग्रह मीच धरत असे.

गच्च्यांवर लोक जमले होते. कुणी फोन वर धरून चित्र घेत होतं. चेअरमननी लोखंडी जबड्याकडे पाहिलं, आपल्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुढच्या क्षणी ते दोन्ही हात पसरून यंत्रासमोर उभे होते. “थांबव! थांबव म्हणतो ना!” एवढ्या मतदारांदेखत स्वतःच्या तोंडावर यंत्र कोण चालवून घेईल?

“चेअरमन,” दंतवैद्य म्हणाला, “तुम्हीही संरक्षित निघालात.”

इंजिन बंद पडलं तेव्हा तिपाई काखेत घेऊन मोजणीबाई रस्ता चढत होत्या.

त्यांनी कुणाशी एक शब्दही न बोलता दुर्बीण लावली. चालकाला चपला काढायला लावून काठी घेऊन माथ्यावर पाठवलं. तिथं फ्लेक्स जरासं फुगलेलं होतं. मघाशी एकानं विचारलं तेव्हा ‘इथं बुवांचं डोकं असणार’ असं मी समजावून सांगितलं होतं. बाईंनी पाहिलं. जुनी नोंद काढली. पुन्हा पाहिलं.

“चार बोटं जास्त.”

“चार बोटं म्हणजे काही...” मी म्हणालो.

“जास्त म्हणजे जास्त. त्या कापडाखाली आणखी माती घातलीत?”

“नाही. कापडाखाली जुनीच. सर्वांत आधी कापड घातलं.” या वेळी मी खरंच खात्रीनं सांगत होतो.

“मग जुळत नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली गेला. “मला जे दिसतं तेच लिहावं लागतं, गुरुजी.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मुलांचे चेहरे मी पाहिले आणि खाली बघितलं. यांना मी माती वाहायला लावली, आणि आता यांच्यासमोरच ते सगळं टिपरात भरून जाणार होतं. जन्मभरात कुठल्या वर्गाला मी इतका वाईट धडा दिला नव्हता.

एक हात वर झाला. अर्धाच. कोपरात वाकलेला.

“बोल,” मोजणीबाई म्हणाल्या.

खारूताई बाईंकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती आजीकडे बघत होती. “सांगते. पण आधी आजीनं रागावणार नाही म्हणायचं.”

“मी कशाला रागावू?” ही म्हणाली.

“तसं नाही. रागावणार नाही, असं म्हण.”

“बरं बाई, रागावणार नाही.”

पोर माथ्यावर गेली, चालकाच्या पायाशी बसली आणि फ्लेक्सची कड उचलून आत हात घातला. जरा हिसका दिला. ‘बुवांचं डोकं’ निघालं. मातीनं माखलेलं, एका बाजूला चेपलेलं, पितळेचं. तिनं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि मान खाली घातली.

“माझी परात!” ही म्हणाली, आणि हातातलं पातेलं कलतं झालं.

“काठी धरा,” मोजणीबाई म्हणाल्या.

चालकानं काठी टेकवली. बाई दुर्बिणीशी वाकल्या, आणि त्या वाकलेल्या असेपर्यंत कॉलनीत कुत्रंही भुंकलं नाही.

“जुळते,” त्या म्हणाल्या.

मग जो आरडाओरडा झाला त्यात मला कुणीतरी उचललं, बहुधा दंतवैद्यानं, आणि लगेच खाली ठेवलं. चालकानं जेसीबी मागं घेतला. चेअरमननी आपलं फ्लेक्स घडी करून बगलेत मारलं. पण खारूताई तशीच उभी होती, परात धरून, आणि तिची आजी तिच्यासमोर.

“ही कशाला गं पुरलीस?”

“आवडीची वस्तू ठेवायची होती,” पोर पुटपुटली. “बाकीच्यांची झाकणं होती. मला ही सगळ्यांत आवडायची. गोल फिरत खाली यायची.”

हिनं परात हातात घेतली. चेपलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. रागावणार नाही हे वचन तिनं नातीला दिलं होतं, मला नव्हे. ती टेकडीकडे बघत राहिली.

“मोजणीबाई, आत माणसाशेजारी भांडीही असतात ना?”

“असतात बहुतेक.”

“म्हणजे तेव्हाही कुणाच्या तरी घरातून एखादं भांडं गेलं असणार. त्या घरची बाई शोधत बसली असेल घरभर.” तिनं पातेल्यातले मटार परातीत ओतले, मातीसकट. “आणि आळ आला असेल बिचाऱ्या नणंदेवर.”

मोजणीबाई हसल्या. मी स्वतः पाहिलं.

“अहो,” ही माझ्याकडे वळून म्हणाली, “वन्संना फोन लावा.”

“लावतो. काय बोलशील?”

“मी कुठं बोलणार? तुम्हीच सांगा,” ती परात कमरेवर घेत म्हणाली. “शिकवलंय तुम्ही.”